बंगईची उंची

पिपरीच्या घरातली बंगई मनकर्णाबाईंनी आपल्याच उंचीच्या मापानं टांगून घेतली होती. रूपराव बायकोपेक्षा बुटके. बसले की त्यांचे पाय लोंबकळत राहायचे. संध्याकाळचा चहा दोघं तिथंच घेत आणि झोका द्यायचं काम बाईंचं. “तुमी पासिंजर जी, डायवर मी हावो,” म्हणायच्या. उन्हाळ्यात त्या वारल्या. तेव्हापासून रूपराव थांबलेल्या बंगईवर बसून चहा गार करत. आज पुण्याहून आलेल्या पोरानं साखळ्या वाढवून ती खाली घेतली. “बसून पाहा, बाबा.” रूपराव बसले. बंगईवरून पहिल्यांदाच त्यांचे पाय खालच्या फरशीला टेकले. त्यांनी जरा रेटा दिला, तशी बंगई कुरकुरत हलली. “जमलं नं! आता तुमाले कोणाची गरज नाई,” पोरगा घाम पुसत म्हणाला. “हव बापू,” म्हणत रूपरावांनी दोन्ही पाय उचलून वर धरले. बंगई हळूहळू मंदावत थांबली.