पाटीवरचा पत्ता

खातूनचा नवरा वारला, त्याच्या चाळिसाव्या दिवसाचा विधी झाला आणि दिराने, उमरने, तिला रावेरच्या केळी वेफर्सच्या दुकानातून काढलं. “भाभी, घर सांभाळा. धंद्यातलं तुम्हाला काय कळतं?” वीस वर्षं कढईपुढे हात तिनेच भाजून घेतले होते. ते शब्द ती विसरली नाही. पुढे उमरने नवी पाटी रंगवली, खाली वेबसाइटचा पत्ताही ऐटीत लिहिला. खातूनने मोबाइलवर पाहिलं, तर तो पत्ता अजून कुणी घेतलाच नव्हता. शुक्रवारी, जुम्याच्या नमाजानंतर, नव्या पाटीच्या उद्घाटनात तो प्रमुख पाहुण्यांच्या हस्ते घ्यायचा, असा उमरचा बेत होता. गुरुवारी दुपारीच खातूनने तो आपल्या नावावर केला, होस्टिंग, म्हणजे साइटसाठी इंटरनेटवरची जागा घेतली, एक पान चढवलं. शुक्रवारी भरल्या मांडवात, पत्ता मोकळा आहे हे दाखवायला पाहुण्यांनी तो ब्राउझरमध्ये टाकला. मोठ्या पडद्यावर कढईपुढची खातून झळकली. खाली तिचा नंबर आणि ठळक अक्षरांत एकच ओळ: ‘आमची कोठेही शाखा नाही.’