पाचशेपैकी पाचशे

‘एकटी.’

बायकोच्या यादीत आज हा नवा शब्द आला होता. तो वाचून त्याने सगळी यादी पुन्हा वरपासून तपासली.

दोन महिन्यांपूर्वी त्यानेच तिला गळ घातली होती. परदेशी जाणाऱ्यांसाठी तो तिथली भाषा शिकवणारं एक वेब ॲप तयार करत होता. पाचशे शब्द, रोज थोडे थोडे, चुकलेला शब्द उद्या पुन्हा पुढ्यात. वापरून बघायला त्या भाषेचा गंधही नसलेलं माणूस हवं होतं. घरातच आहे की, म्हणून त्याने बायकोच्या नावाने खातं उघडलं आणि टॅबलेट तिच्या हातात ठेवला. सगळे शब्द जमले की पडद्यावर उमटायची ओळसुद्धा त्याने त्याच दिवशी लिहून मोठ्याने वाचली होती: ‘शाब्बास! आता तुमचं कुणावाचून अडणार नाही.’

बायको म्हणाली, “बरं बरं.” आई मात्र भाजी निवडता निवडता थांबली.

“छान आहे रे,” म्हणाली.

कोणता शब्द केव्हा केला, बरोबर आला की चुकला, सगळं त्याला ऑफिसात बसल्या बसल्या दिसायचं. शिवाय स्वतःचे शब्द घालायची सोय होती, आणि त्याची झोप उडवली ती तिथल्या शब्दांनीच. आधी आला ‘खिडकीजवळची जागा’. मग ‘भाड्याने खोली’. मग ‘परतीचं तिकीट नको’. आणि आज हा.

तीन वर्षं हा गडी कॉम्प्युटरमध्ये डोकं खुपसून बसला होता. बायको केव्हा जेवते, केव्हा झोपते, याचा पत्ता नव्हता. जाणारच ती! दुसरी कुणी असती तर केव्हाच गेली असती.

मग त्याने कंबर कसली. सहाच्या ठोक्याला घरी यायला लागला. चहा स्वतः करायला लागला. ती रोज दुपारी दोनला, म्हणजे जेवणाच्या सुट्टीत, धडा करते आणि अक्षरं सगळ्यात मोठी करून ठेवते, हेही त्याने हेरलं होतं.

“डोळे तपासून घे एकदा. मी येतो बरोबर.”

“माझ्या डोळ्यांना काय धाड भरलीय?”

“नाही, आपलं... काळजी वाटते.”

“तुला?” ती हसली. “बरा आहेस ना?”

काहीतरी लपवतेय, अशी त्याची खात्री पटली.

एका संध्याकाळी ती आंघोळीला गेलेली बघून त्याने ड्रॉवर उघडला. तीन पासपोर्ट होते. बायकोचा उचलून लॅपटॉपच्या बॅगेत तळाशी दडवला, बाकीचे दोन तसेच ठेवले.

“अरे, वेळ आहे का जरा?”

तो दचकलाच. दारात आई उभी होती.

“काय गं?”

“माळ्यावरची ती मोठी बॅग काढून दे. लोकरीचे कपडे उन्हात टाकायचेत. आणि एक बोलायचं होतं.”

“रविवारी बोलू, आई. आत्ता डोक्याला नुसता भुंगा लागलाय.”

बॅग तेवढी काढून दिली. वरची धूळसुद्धा पुसून दिली. आई “बरं” म्हणून आत गेली. थोड्या वेळाने मागच्या खोलीतून तिच्या हसण्याचा आवाज आला. शाळेतल्या मैत्रिणीचा फोन असणार. हल्ली रोज यायचा.

रविवारी तो बायकोला घेऊन दिवसभर बाहेर भटकला. तीही खुशीत होती. त्याच्या जिवाची तगमग काही थांबली नाही.

मंगळवारी आठलाच धडा झालेला दिसला. दोनला नव्हे, सकाळी आठला. अकरा दिवस रोज चुकणारा ‘निरोप’ आज बरोबर आला होता. पाचशेपैकी पाचशे.

तो तडक बायकोचं ऑफिस गाठायला धावला. ती आपल्या जागेवर होती, कानाला हेडफोन लावून. तिला बघून त्याला रडूच फुटलं.

“जाऊ नकोस. माझं चुकलं. तू म्हणशील तसं वागेन, पण जाऊ नकोस.”

“अरे, सगळे बघतायत! कुठे जाऊ नको?”

त्याने मोबाइल पुढे केला. यादी वाचता वाचता तिचा चेहरा उतरला.

“हे मी उघडलेलंसुद्धा नाही,” ती म्हणाली. “मला कुठला वेळ! टॅबलेट त्याच दिवशी आईंना देऊन टाकला. त्यांनीच मागितला.”

घराला कुलूप होतं. मागच्या खोलीत पलंगावरची चादर ताणून घातलेली, कपाट रिकामं. ड्रॉवरमध्ये एकच पासपोर्ट उरला होता, त्याचा स्वतःचा. टॅबलेट तेवढा उशाशी चार्जिंगला लावून ठेवलेला होता. त्याने पडद्याला बोट लावलं. त्याचीच ओळ मोठ्या मोठ्या अक्षरांत उमटली.

‘शाब्बास! आता तुमचं कुणावाचून अडणार नाही.’