दुसरं टोक

नेटवर्क केबल जोडलेली नाही.

“जोडलीय की!” थोरले पडद्यावर ओरडले. टेबलाखाली वाकून त्यांनी वायर उपटली, टोकावर फुंकर मारली, पुन्हा खोचली. खट्ट. धापा टाकत वर येऊन पाहिलं.

नेटवर्क केबल जोडलेली नाही.

डोळ्यांदेखत खोटं बोलणारं यंत्र त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं. सगळी हयात शिवणयंत्रं दुरुस्त करण्यात गेली. शिवणयंत्र अडलं की अडलेली जागा दाखवतं. सुई वाकते, पट्टा सुटतो, दोरा गुंततो. हा जुनाट डबा मात्र गुंता करतो आणि गुंता दिसू देत नाही. तेलाची कुपी हातात घेऊन त्यांनी डबा सगळ्या बाजूंनी न्याहाळला. भोकं पुष्कळ होती. तेलाचं कुठलं, ते कळेना.

चारला लेक बाळ दाखवणार होती. पहिलं नातवंड, तेही समुद्रापलीकडे जन्मलेलं. थोरल्यांच्या साध्या फोनवर बाळाचा आवाज यायचा, चेहरा येत नव्हता. चेहरा या डब्यातच यायचा होता. म्हणून आज दुपारची झोपही त्यांनी सोडली होती.

त्यातल्या त्यात एक बरं होतं. भिंतीपलीकडची घरघर आज बंद होती.

पलीकडे धाकटा भाऊ राहायचा. एकाच घराचे दोन भाग. मधलं दार थोरल्यांनी कडी घालून बंद केलेलं, आणि त्याच दाराला टेकवून कॉम्प्युटरचं टेबल ठेवलेलं. म्हणजे विषयच संपला. भांडण कशावरून झालं, ते आता त्यांना सलग सांगता आलं नसतं. घरघर मात्र सांगता आली असती. धाकट्याचं कसलंसं यंत्र रात्रंदिवस घरघरायचं. मुद्दाम. छळायला. काल न राहवून त्यांनी काठीने भिंत ठोकली होती. आज चिडीचूप. मघाशी पलीकडे काहीतरी धाडकन आपटलं, तो राग असणार. आपट बाबा, आपट.

फोन वाजला.

“बाबा, आलं का नेट?”

“तुझा डबा म्हणतो, वायर नाही. आणि वायर माझ्या हातात आहे.”

“काढून परत लावलीत?”

“इतक्यांदा लावली की भोक सैल झालं असेल. थोडं तेल सोडू का?”

“बाबा! तेल नाही!” मागे बाळ रडायला लागलं. “उगी, उगी, आजोबा तेल नाही घालत हं. बाबा, एकदा बंद करून चालू करा.”

केलं. डबा खोकला. उठला. बराच वेळ विचारात पडला.

नेटवर्क केबल जोडलेली नाही.

“बघ. कोडगा आहे नुसता.”

“थांबा. हे टोक नीट आहे ना? मग दुसरं बघा.”

“दुसरं कुठलं?”

“वायरीला दोन टोकं असतात, बाबा. ती पुढे जाते कुठे?”

थोरले गुडघ्यांवर रांगले. वायर टेबलामागे गेली, मधल्या दाराखालच्या फटीत शिरली आणि संपली. म्हणजे त्यांच्यापुरती.

“दाराखालून जाते. तिकडून बाहेर खांबावर जात असेल.”

फोनवर बाळ कुरकुरलं. मग लेक हळू आवाजात म्हणाली, “खांबावर नाही. काकाच्या कॉम्प्युटरला. मीच जोडली होती की! दार उघडं असायचं तेव्हा. बाहेरची लाइन काकाकडे येते, त्याच्या कॉम्प्युटरमधून पुढे तुमच्याकडे. त्याचा चालू असेल तरच तुमचं नेट चालतं.”

“काहीतरीच. मी पहाटे लावतो, झोप उडाली की अपरात्री लावतो. नेट कधी गेलेलं नाही.”

“मग काकाने तो कधी बंदच केला नसेल.”

घरघर.

थोरल्यांनी भिंतीवर हात ठेवला. भिंत गार होती. गप्प होती. इतकी वर्षं रात्रंदिवस जे चालू होतं ते आज बंद. म्हणजे मघाशी जे आपटलं, ते—

“बाबा? चार वाजत आले, मी इकडून लावते हं. बाबा?”

फोन तसाच टेबलावर राहिला. थोरल्यांनी टेबल दोन्ही हातांनी ओढलं. डबा कलंडला, पडदा काळा झाला, वायर ताणली जाऊन तिचं टोक तुटलं. त्यांनी तिकडे पाहिलंही नाही. कडी गंजून चिकटली होती. तेलाची कुपी शेवटी तिथे कामाला आली. कडी सरकली. पलीकडूनही कडी असणार म्हणून त्यांनी सगळा जोर खांद्यात आणला आणि दारावर धडक दिली.

तोंडावर पडता पडता वाचले. पलीकडून कडी नव्हतीच.

धाकटा जमिनीवर आडवा पडला होता. शेजारी झाकण काढलेला कॉम्प्युटर. हातात रंगाचा जुना ब्रश. डोळे टक्क उघडे.

“कंबर धरली,” तो म्हणाला. “वाकलो तो वाकलोच.”

“अरे गाढवा, मग हाक नाही मारायची?”

“आधी तू ओरडत होतास. मग पोरीशी बोलत होतास.”

थोरले त्याच्याजवळ फरशीवर बसले. हात त्याच्या पाठीखाली घातला, पण उचलायचं कसं ते सुचेना. “आणि हे खटलं आजच उघडायचं होतं?”

“काल भिंत ठोकलीस ना. पंख्यात धूळ बसली की घरघरतं ते. म्हटलं, साफ करावं.” धाकट्याने ब्रश खाली ठेवला. “दुपारी तू झोपतोस, दादा. तेवढ्यात उरकलं असतं. तुला कळलंही नसतं.”