नव्याकोऱ्या तारा

कडुबानं खोळीची चेन ओढली आणि त्याचा हात तिथंच थांबला.

आत त्याचीच गिटार होती. काळी, चार जाड तारांची बेस गिटार. पण तारा चमकत होत्या. स्टुडिओच्या ट्यूबलाइटखाली चारही नुसत्या लखलखत होत्या.

"सरप्राइज!" मोनिका ओरडली. ही त्याची नात, नववीतली. आबांचं रेकॉर्डिंग बघायला शाळा बुडवून शहागंजातल्या या दुसऱ्या मजल्यावर आली होती. "सकाळी तुम्ही अंघोळीला गेल्ते ना, तेवढ्यात बदलल्या. फक्त दोनदा व्हिडिओ बघितला! जुन्या पार गंजल्या होत्या, आबा. हात लावला की बोट काळं."

कडुबानं एका तारेवरून नुसतं बोट फिरवलं. मोनिकाला वाटलं, आनंदानं.

"बसा काका," कॉम्प्युटरसमोरचा सुयश म्हणाला. "अर्ध्या तासात ताई येतील. त्यांना कॅसेटवरचाच आवाज पाहिजे, सेम टू सेम."

ताई म्हणजे रत्नमाला. तिच्या वडलांनी तीस वर्षांपूर्वी गायलेली भीमगीतं ती आता नव्यानं गाणार होती. त्या कॅसेटच्या कव्हरवर गायकाचं नाव होतं, कवीचं होतं, ढोलकीवाल्याचंसुद्धा होतं. बेस वाजवणाऱ्याचं नव्हतं. तरी रत्नमालानं शोधून काढलं होतं त्याला. अकरा वर्षांत पहिल्यांदाच त्याला कुणी वाजवायला बोलावलं होतं. आज आवाज जुळला तर नऊच्या नऊ गाणी त्याची. नाय जुळला तर बेस वाजवायला कीबोर्ड होताच.

कडुबानं तार छेडली.

टण्ण!

सुयशनं मान वर केली. कॅसेटवरचं गाणं लावलं. त्यात तो आवाज होता, उखळात मुसळ पडावं तसा. धप्प. धप्प.

"काका, असा पाहिजे. हे तर टणटणतंय."

"तारांमुळं," कडुबा म्हणाला. "जुन्या त्या कॅसेटच्या आधीपासून व्हत्या. कधी बदलल्याच नव्हत्या. घाम मुरला व्हता त्यांच्यात." मग त्यानं मोनिकाकडं न बघताच विचारलं, "जुन्या कुठंयत?"

"घंटागाडीत टाकल्या." मोनिकाचा आवाज एकदम बारीक झाला. "मी जाते ना पळत! गाडी अजून आपल्याच वॉर्डात असंल. मी सगळा कचरा उपसते, आबा, खरंच."

"सोडवल्या व्हत्या का कापल्या?"

"... कापल्या. पकडीनं. व्हिडिओत तसंच दाखवलं होतं."

"मग राहू दे. कापलेली तार परत चढत नाय."

त्यानं रुमालाची घडी करून तारांखाली कोंबली. वाजवलं. आवाज बसला, पण पार घसा बसावा तसा. रुमाल काढला, सुयशच्या खुर्चीतला फोमचा तुकडा फाडून घातला. नाय. त्याच्या कपाळावर घाम आला तसा त्यानं तो तळहातानं पुसून तारांवर घासला. एकदा, दोनदा, वेड्यासारखा. सुयशनं नजर दुसरीकडं वळवली.

"खाली भजेवाला हाय," कडुबा म्हणाला. "तेलाचा कागद आण. पळ!"

मोनिका दोन-दोन पायऱ्या उतरत पळाली.

"चाचा, कागद द्या, तेलाचा! भजे नको."

"भजे नको, कागद होना? क्या पढाई करती गे तू?"

"द्या ना हो चाचा! माझे आबा..." तिनं दोन्ही हात पुढं केले. भजेवाल्यानं हसणं थांबवून भज्यांच्या परातीतला अख्खा कागद काढून दिला.

चारही तारांना तेल चोळून झालं. स्टुडिओत मिरचीच्या भज्यांचा वास सुटला. कडुबानं बोटं सदऱ्याला पुसली, डोळे मिटले, वाजवलं.

तिघांनी ऐकलं. टण्ण जरा कमी झाला होता. धप्प नव्हता.

"अजून एकदा," कडुबा म्हणाला. "थांब, अंगठ्यानं वाजवतो." मग, "खालून वाजवतो." मग, "सुयश, पोरा, तुझ्या मशिनीत काही करता येत नाय का?"

सुयशनं कॅसेटवरचं गाणं पुन्हा स्क्रीनवर उघडलं.

"येतं काका. एक सॉफ्टवेअर आहे. जुन्या कॅसेटमधून नुसती बेस वेगळी काढता येते. थोडी खरखर राहील, पण चालेल." तो हळूच म्हणाला, "म्हणजे तुमचंच वाजवणं असंल. त्या वेळचं. टेन्शन घेऊ नका, तुम्हाला बसायची पण गरज नाय."

"सगळ्या गाण्यांत?"

"सगळ्या."

सुयशनं गिटारची वायर उपसली, कोपराभोवती गुंडाळली आणि खिळ्याला अडकवली.

ताई आल्या. घाईत जयभीम झाला. काचेपलीकडच्या खोलीत उभ्या राहून त्या गायला लागल्या. सुयशनं एक हेडफोन कडुबाच्या कानाला लावला, दुसरा मोनिकाच्या. तिनं ऐकलं, तर खालून तो आवाज येत होता. धप्प. धप्प. तिच्या जन्माच्या कितीतरी आधीचा, तिशीतला, दणकट.

मोनिकाला रडू फुटणार होतं, तेवढ्यात तिचं लक्ष खाली गेलं.

कडुबाची मांडीवरची गिटार अजून खोळीत गेली नव्हती. त्याची बोटं चालत होती. तेलकट तारांवरून सरकत, अचूक, प्रत्येक ठोक्याला. दुसरं कडवं संपताना तो कॅसेटवरचा जवान कडुबा अर्धी मात्रा घाई करून गेला, आणि हाही तेवढीच घाई करून गेला.

"आबा," ती त्याच्या दंडाला धरून कुजबुजली, "आवाज येत नाय तुमचा."

"म्हाईत हाय," कडुबा म्हणाला. "गप. टेक चालूय."