घेणारा नावे, देणारा जमा

"पुन्हा उलटं लिहिलंस," मिस्त्रीकाका म्हणाले आणि त्यांनी शेजारी बसलेल्या मुलीची वही आपल्याकडे ओढली. "व्यापाऱ्यानं आपल्याला उधारीवर लोखंड दिलं. मग व्यापारी कुठल्या बाजूला?"

"नावे?" तिनं चाचरत विचारलं.

"अगं, तो देतोय ना? घेणारा नावे, देणारा जमा. आधी कोण घेतंय, कोण देतंय ते ठरव, मग पेन उचल."

"तुम्ही सांगितलं की कळतं हो काका. लिहायला बसले की घोळ होतो."

काकांनी तिचं नाव 'धांदरट' ठेवलं होतं, आणि तिनंही ते हसत चालवून घेतलं होतं.

हिशोब आणि कर यांची तोंडओळख करून देणारा हा कम्युनिटी कॉलेजातला संध्याकाळचा वर्ग. कामावरून सुटलेली माणसं जांभया देत यायची. काका त्यांत सगळ्यांत वयस्कर, आणि एकटे तेच जांभई न देणारे. खरं तर हिशोबाची त्यांना काडीची हौस नव्हती. जन्म गेला लेथवर लोखंड कातण्यात. कारखान्याचे कागद बायको बघायची. मागच्या वर्षी ती गेली आणि काकांनी शटर खाली ओढलं. 'हिशोब जमत नाही,' असं ते लोकांना सांगत. खरी गोष्ट अशी, की सकाळी उठून कुठं जावं असंच त्यांना वाटेनासं झालं होतं. कारखाना घ्यायला एक गिऱ्हाईक तयार होतं, तेवढा व्यवहार उरकला की मोकळे, असं त्यांनी मनाशी धरलं होतं.

तशात लेकीचा फोन आला. तिची एक मैत्रीण गावात बदलून येत होती, वरची खोली तिला द्याल का? मैत्रीण आली. सामान लावून होत नाही तोच जिन्यात रडवेली उभी. हा कोर्स पास झाली तरच नोकरी टिकणार, आणि आकडे दिसले की हातपाय गळतात. एकटीनं वर्गात बसायचा धीर होत नाही.

"तुम्ही याल सोबत? नुसते बसा."

नुसतं बसू देत नाहीत, असं तीच म्हणाली. म्हणून काकांनी स्वतःचंही नाव घातलं. पोरीची नोकरी जायला नको, बस. एकदा अंगावर घेतलेलं काम त्यांनी अर्ध्यावर सोडलं नव्हतं.

कॉलेजात त्यांचा रुबाब लगेच बसला. ती दोघं फाटकातून आत शिरली की रखवालदार खुर्चीवरून उठायचा. पांढऱ्या केसांचा मान अजून ठेवतात लोक, काकांना बरं वाटायचं. शिकवणारे सर मात्र कोवळे. शिकवता शिकवता यांच्या बाकाकडे बघायचे आणि अडखळायचे.

"माझ्यासारखा माणूस पुढ्यात बसला की भल्याभल्यांना घाम फुटतो," काका तिला म्हणाले. "आणि तुझं नशीब थोर. तुला ते कधी प्रश्न विचारत नाहीत. वर्गात अब्रूच गेली असती."

"गेलीच असती," ती म्हणाली.

एकदा घसाऱ्यावर तिची गाडी अडली. यंत्राची किंमत दरवर्षी कमी का धरायची, हे काही केल्या तिच्या डोक्यात शिरेना. खरं सांगायचं तर काकांच्याही शिरलं नव्हतं. दुपारभर पुस्तकाशी झटापट करून त्यांनी ते समजून घेतलं आणि तिला थेट कारखान्यात नेलं. शटर वर केलं. लेथवर हात ठेवून झीज म्हणजे काय ते दाखवलं. दाखवायचं तर यंत्र चालवायला हवं, म्हणून तेल घातलं. आवाज ऐकून शेजारचा पिठाच्या गिरणीवाला तुटलेला दांडा घेऊन हजर. काकांनी तो करून दिला, उदाहरणादाखल. पुढं रोजच उदाहरणं लागू लागली.

"सरावाला तुमचंच विवरणपत्र भरू या का?" तिनं विचारलं. काकांनी भरलं. तिनं फक्त एकदा 'हा आकडा इथं ना?' म्हणत चुकीच्या रकान्यावर बोट ठेवलं आणि काकांनी लगेच तिची चूक पकडली.

लेक फोनवर म्हणाली, "बाबा, होईल ना ती पास?"

"मी आहे ना. पण कुणाला सांगू नकोस, तुझी मैत्रीण आकड्यांत साफ ढ आहे."

पलीकडून कसंबसं 'बरं' ऐकू आलं आणि फोन घाईनं ठेवला गेला. लेकीला मैत्रिणीची काळजी लागली असणार.

परीक्षा जवळ आली तेव्हा गिऱ्हाईक व्यवहाराचं विचारायला आलं. काकांनी त्याला दारातूनच वाटेला लावलं. यंत्रं मला लागतात, म्हणाले.

परीक्षेच्या दिवशी ते तिच्या आधी तयार होऊन जिन्याखाली उभे. या पोरीवर त्यांचा जीव जडला होता. ती नापास झाली असती तर त्यांनी स्वतःला माफ केलं नसतं.

"काका, नाहीच जमलं तर?"

"न जमायला काय झालं? मी शिकवलंय."

वर्गात त्यांनी तिला आपल्या शेजारच्या बाकावर बसवलं. "घाबरायचं नाही. कोण घेतंय, कोण देतंय, तेवढं बघ."

तिनं मान हलवली. डोळे भरून आले होते तिचे. भित्री कुठली, काका मनात म्हणाले आणि आपलं जादाचं पेन त्यांनी तिच्यापुढं ठेवलं.

तेवढ्यात सर प्रश्नपत्रिकांचं लाखबंद पाकीट घेऊन आत आले. टेबलाकडे न जाता ते सरळ धांदरटच्या बाकाशी आले आणि अदबीनं वाकले.

"मॅडम, पाकिटावर विभागप्रमुखांची सही राहिलीय. तुम्ही केलीत की फोडतो."