एका शब्दाची शिकवणी

"मला एकच शब्द शिकायचाय, बाई," घड्याळजी म्हणाला. "सॉरी."

इंग्रजीच्या वर्गातली मंडळी खुदकन हसली. सॉरी तर शेंबडं पोरही म्हणतं. बाई मात्र हसल्या नाहीत. शिकायला आलेल्याला परत पाठवायचं नाही, हा त्यांचा नियम अख्ख्या गल्लीला पाठ होता. काही न विचारता त्यांनी हजेरीच्या वहीत त्याचं नाव लिहिलं आणि शेवटच्या बाकाकडे बोट केलं.

वर्ग बाईंच्या घरातच, पुढच्या खोलीत भरायचा. मधलं दार बंद असायचं.

आठवडाभर घड्याळजी दुकान बंद करून यायचा. धक्का लागला तर सॉरी. ऐकू आलं नाही तरी तेच, फक्त सूर वर न्यायचा. कुणाच्या घरचं माणूस गेलं तरी सॉरी, मग आपली चूक असो वा नसो. तो डाव्या हातानं सगळं वहीत उतरवायचा. बाईंचा खडूही डाव्याच हातात. दोघं उलट्या हाताचे म्हणून वर्गात थट्टा चाले.

शनिवारी बाकीचे गेल्यावर बाईंनी विचारलं, "म्हणायचंय कुणाला?"

"बहिणीला. वडील गेले तेव्हा रागाच्या भरात मी तिला कळवलं नाही. तिला त्यांचं तोंडही बघायला मिळालं नाही."

"मग मराठीत म्हणा की."

"बावीस वर्षं जुळवतोय, जीभ रेटत नाही. तिनं दोनदा दारातूनच परत पाठवलंय. आता पुन्हा 'जा' म्हणाली तर मला सख्खं कुणी उरणार नाही."

बाई फळा पुसू लागल्या. स्वच्छ झाला तरी पुसत राहिल्या.

"उभे राहा," त्या म्हणाल्या. "मी बहीण आहे असं समजा. कारणं सांगायची नाहीत. डोळ्यांत बघून म्हणायचं."

पहिल्यांदा तो नुसताच खाकरला. दुसऱ्यांदा फरशीकडे बघत पुटपुटला. घड्याळात केसाएवढे स्क्रू बसवणाऱ्या हातांनी तो वहीचा कोपरा चुरगाळत होता. तिसऱ्यांदा त्यानं मान वर केली.

"सॉरी," तो म्हणाला, आणि त्याला रडू फुटलं.

बाईंनी पदरानं आधी स्वतःचे डोळे पुसले. मग जाऊन मधल्या दाराची कडी काढली.

"पास झालास," त्या म्हणाल्या. "आत ये, दादा."