फुकटचा वकील

गरिबाला आता माणूस वकील मिळत नसे, भिंतीतली बोलकी पेटी मिळे. खुनाच्या आरोपातली कौतिका तुरुंगात त्या पेटीला म्हणाली, "नवऱ्याला मीच मारलं. तेवढंच सांगा कोर्टात."

"ताई, वकिलापासून काही लपवू नये. खरं कळलं तरच वाचवीन."

आवाज सख्ख्या भावासारखा. ती विरघळली.

"घाव माझ्या वैजूनं घातला, दादा. बापच पोरीच्या अंगाला झोंबला होता. पण तिचं नाव घेऊ नका."

"निश्चिंत राहा, ताई."

सकाळी कोर्टात न्यायाधीशाच्या खुर्चीतही पेटीच होती. सरकारनं खर्च वाचवायला दोन्हीकडे एकच यंत्र बसवलेलं, पण हे आरोपीला सांगतो कोण?

पेटी त्याच मायेच्या आवाजात बोलली, "ताई, तुम्ही सुटलात. हवालदार, वैजूला घेऊन या."